कोठडीतला का बोलत नाही?

एक फालतू सिनेमा आहे. फालतू हा शब्द माझा नाही, जाणकारांचा आहे. काळापांढरा, साठ वर्षांहून जुना, अमेरिकेत तयार झालेला. नाव 'द ब्रेन दॅट वुडन्ट डाय', म्हणजे न मरणारा मेंदू. न्यूयॉर्कजवळच्या टॅरीटाउन भागात १९५९ साली शूटिंग झालं. खर्च सुमारे ६२ हजार डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचे पैसे. दिग्दर्शक जोसेफ ग्रीन. तीन वर्षं डबा पडून राहिला. १९६२ साली अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीनं दुसऱ्या एका तसल्याच सिनेमाच्या जोडीला लावून, एका तिकिटात दोन, असा तो खपवला. शेवटची पाटी येते तेव्हा सिनेमाला आपलं नावही आठवत नाही. सुरुवातीला 'मेंदू' होता, शेवटच्या पाटीवर 'डोकं' झालेलं आहे. कुणाला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

अशा सिनेमावर आपल्या चार पानांतली जागा का खर्च करायची? कागद महाग, शाई महाग, लिहिण्यासारखं दुसरं ढीगभर पडलेलं. तरी मी लिहितोय. कारण मोठे, नेटके, बक्षिसं मिळवणारे सिनेमे आपलं पोट झाकून ठेवतात. फालतू सिनेमाला तेवढी अक्कल नसते. त्याचा सदरा वर सरकतो आणि पोट दिसतं. व्यवस्था आत काय खाते ते दिसतं.

आधी गोष्ट सांगतो. ज्यांनी पाहिलाय त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

बिल कॉर्टनर हा तरुण सर्जन. बापही सर्जन. सुरुवातीलाच एक पेशंट टेबलावर मरतो. बाप हात टेकतो. पोरगा म्हणतो, आता तो मेलाच आहे तर मला हात मारू द्या. हात मारतो आणि मेलेला उठतो. बाप खूश नाही, घाबरलेला आहे. हॉस्पिटलात कापलेले हातपाय गायब होतायत आणि ते कोण नेतं हे त्याला कळलेलं आहे. पोरगा गावाबाहेरच्या घरात, तळघरात प्रयोग करतो. तिथून फोन येतो, ताबडतोब या. बिल आपल्या होणाऱ्या बायकोला, जॅनला, गाडीत घालून भरधाव निघतो. वळणाच्या पाट्या येतात, तो वेग कमी करत नाही. गाडी उलटते. बिल बाहेर फेकला जातो, वाचतो. जॅन मरते. हा पठ्ठ्या जळत्या गाडीतून तिचं डोकं काढतो, कोटात गुंडाळतो आणि पळत सुटतो.

मग तळघर. परातीसारख्या ट्रेमध्ये जॅनचं डोकं. नळ्या, चिमटे, पट्ट्या, खाली द्रव. डोकं जिवंत आहे, बोलतं आहे. आणि बोलतं काय, तर मला मरू द्या. सिनेमाची पहिली गोष्टच ती आहे. पडदा अजून काळा असतो आणि त्या काळोखात एका बाईचा आवाज मरण मागत असतो. डॉक्टर ऐकत नाही. तो धड शोधायला बाहेर पडतो. कॅबरेच्या क्लबात जातो, रस्त्यानं चालणाऱ्या बायकांच्या मागं हळूहळू गाडी चालवतो, सौंदर्यस्पर्धेत जाऊन बसतो. शेवटी डोरिस नावाची मॉडेल हेरतो. तिच्या गालावर व्रण आहे. बाप प्लास्टिक सर्जरी करून देईल असं सांगून तो तिला घरी आणतो आणि पेयात गुंगीचं औषध घालतो. तळघरात आणखी दोघं आहेत. एक कर्ट, डॉक्टरचा मदतनीस. आणि दुसरा कोठडीत, बंद दाराआड. त्याला नाव नाही.

आता मुद्द्यावर येतो.

या सिनेमाबद्दल कुठंही वाचा, कोठडीतल्याचं वर्णन एकाच शब्दात असतं: फसलेला प्रयोग. कापलेल्या अवयवांतून, उरल्यासुरल्यातून डॉक्टरनं तो जोडला आणि जमलं नाही म्हणून कोंडून ठेवला. दाराला एक झडप आहे. तिच्यातून जेवण आत ढकलतात. तो आतून दार ठोकतो. बस्स.

फसला कोण? प्रयोग डॉक्टरचा. योजना त्याची, सुरी त्याची, महत्त्वाकांक्षा त्याची. फसला असेल तर तो फसला. पण 'फसलेला' ही पाटी लागली कुणाच्या कपाळावर? ज्याला कुणी विचारलं नाही त्याच्या. डॉक्टर संध्याकाळी कोट चढवून शहरात जातो, लोक त्याला नमस्कार करतात. दार ठोकणारा आत आहे. गुन्हा एकाचा आणि कलंक दुसऱ्याला, ही वाटणी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

कर्टचंही तेच. तो स्वतः सर्जन होता. अपघातात हात गेला. बिलनं दुसऱ्याचा हात त्याला जोडून दिला. तो हात वाळला, वाकडा झाला. कर्ट आता कुठं जाणार? तो वाकडा हात घेऊन त्याच तळघरात राबतो. डॉक्टर पुढचा प्रयोग नीट करेल आणि आपल्याला चांगला हात देईल या आशेवर. तो जॅनला टाकून बोलतो, कोठडीतल्याला झडपेतून जेवण देतो, डॉक्टरपुढं कुरकुरतो आणि हुकूम पाळतो. अर्धा जखमी, अर्धा पहारेकरी. मला या सिनेमातलं सगळ्यांत खरं माणूस कर्ट वाटतो. असा माणूस प्रत्येक ऑफिसात आहे, प्रत्येक पक्षात आहे. त्याला वरच्यानं काहीतरी कबूल केलेलं असतं. त्या कबुलीच्या जोरावर तो खालच्यावर दार लावून घेतो. आणि पुढं त्याचाच हात झडपेतून आत ओढला जातो, उपटला जातो. कोठडीतल्यानं डॉक्टरच्या आधी कर्टला धरलं, कारण झडपेपर्यंत येणारा तोच होता. वरचे झडपेजवळ येत नाहीत. ते माणूस पाठवतात.

जाणकार मंडळी या सिनेमाला हसतात. १९९३ साली अमेरिकेत टीव्हीच्या एका कार्यक्रमानं तो घेतला. वाईट सिनेमे लावायचे आणि शेजारी बसून टर उडवायची हाच त्या कार्यक्रमाचा धंदा होता. हसण्यासारखं आहेच. हात तुटलेला कर्ट एवढा वेळ भिंती रंगवत वरखाली फिरतो की बघणाऱ्याचीच दमछाक होते. पण मी हसणारांकडं बघतो तेव्हा मला प्रश्न पडतो: डोकं ट्रेमध्ये ठेवलेलं अशक्य वाटतं म्हणून हसता, की परवानगीशिवाय शरीर घेणं अशक्य वाटतं म्हणून? पहिलं अशक्य आहे. दुसरं त्याच देशात, त्याच वर्षी, सरकारी खर्चानं चालू होतं.

अलाबामा राज्यात मेकन काउंटी आहे. तिथं १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं ६०० काळी माणसं निवडली, बहुतेक गरीब शेतकरी. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे, आम्ही इलाज करतो. इलाज करायचा नव्हता. रोग शेवटपर्यंत काय करतो ते पाहायचं होतं. माणूस मेल्यावर चिरून पाहायचं होतं. बदल्यात तपासणी फुकट, जेवण फुकट, पुरण्याचा खर्च फुकट. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हे सिफिलिसचं नेहमीचं औषध झालं. या माणसांना ते दिलं नाही. तेच वर्ष न्यूरेंबर्गच्या निकालाचं. नाझी डॉक्टरांना शिक्षा झाल्या आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग नाही हे जगाला लिहून दिलं गेलं. न्यायासनावर अमेरिकन न्यायाधीश होते. अलाबामातला प्रयोग चालू राहिला. १९५८ साली, म्हणजे आपल्या सिनेमाच्या शूटिंगच्या आदल्या वर्षी, जिवंत उरलेल्यांना एक प्रशस्तिपत्रक आणि २५ डॉलर दिले गेले. पंचवीस वर्षांचे पंचवीस डॉलर. वर्षाला एक.

आणि हे कुठल्या तळघरात चाललं नव्हतं. डॉक्टर आपले निष्कर्ष वैद्यकीय मासिकांत छापत होते. कोठडीला काचेचं दार होतं. बाकीचे डॉक्टर वाचत होते, पान उलटत होते. १९७२ साली वर्तमानपत्रांत आलं तेव्हा प्रयोग थांबला. चाळीस वर्षं. राष्ट्राध्यक्षांची माफी आली १९९७ साली.

त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव उचललं आणि दलित पँथर उभी केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही म्हणणारे म्हणोत. मला तो दिसतो. ज्यांच्याकडं माणूस म्हणून नाही, साहित्य म्हणून पाहिलं गेलं, त्यांनी एकमेकांना समुद्रापलीकडून ओळखलं.

न मरणाऱ्या डोक्याची गोष्ट काल्पनिक आहे. न मरणाऱ्या पेशींची खरी आहे. हेन्रिएटा लॅक्स ही काळी बाई, तंबाखूच्या शेतात राबलेली. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं मेली. तिच्या गाठीतला तुकडा तिला न विचारता प्रयोगशाळेत गेला. तिथं तिच्या पेशी मरेनात. वाढत राहिल्या, विकल्या गेल्या, जगभर गेल्या, पोलिओच्या लशीच्या कामी आल्या. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. २०२३ साली वारसांशी एका कंपनीनं तडजोड केली. जॅनच्या डोक्याला निदान तोंड होतं.

कुणी म्हणेल, विज्ञानाच्या विरुद्ध बोलतोस का? नाही. बाबासाहेबांचा माणूस विज्ञानाच्या विरुद्ध बोलूच शकत नाही. पोलिओची लस आपल्या वस्तीतल्या पोरांनीही घेतलीय. माझं म्हणणं साधं आहे: टेबलावर कोण आणि सुरी कुणाच्या हातात, हे विचारणं विज्ञानाच्या विरुद्ध नाही. अवयव बदलण्याचं शास्त्र तेव्हा नुकतंच चालायला शिकलं होतं. १९५४ साली बॉस्टनमध्ये एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली. तिथं भावानं भावाला दिली, राजीखुशीनं. पण १९६८ साली केपटाउनमध्ये काय झालं ते बघा. डॉक्टर बर्नार्ड यांनी हृदय बदलण्याची दुसरी शस्त्रक्रिया केली. घेणारा फिलिप ब्लायबर्ग, गोरा दंतवैद्य. ज्याचं हृदय घेतलं तो क्लाइव्ह हॉप्ट, चोवीस वर्षांचा, तिथल्या सरकारी भाषेत 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचा. त्या देशात तेव्हा बस वेगळी, बाकडं वेगळं, वॉर्ड वेगळा. हृदय मात्र गोऱ्या छातीत बसवायला कायदा आड आला नाही. शिवाशिव माणसाची असते, उपयोगाच्या वस्तूची नसते. आपल्या हातचं पाणी चालत नाही, आपल्या हातचं धान्य चालतं, तसंच ते.

मित्रांनो, डोकं आणि धड ही भाषा आपल्याला नवी नाही. पुरुषसूक्तात एका देहाचे तुकडे करून समाज रचलाय: तोंड कुणाचं, बाहू कुणाचे, मांड्या कुणाच्या, पाय कुणाचे. बाबासाहेबांनी १९४६ सालच्या शूद्रांवरच्या ग्रंथात त्याची सविस्तर चिरफाड केलीय. आपण तर त्या पायांतही नव्हतो. देहाच्या बाहेर, कोठडीत. म्हणून ट्रेमधलं डोकं पडद्यावर पाहिलं तेव्हा मला भीती वाटली नाही, ओळख पटली. नुसतं डोकं कसं दिसतं ते पहिल्यांदा पाहिलं. ते बोलतं, विचार करतं, पण एक पाऊल टाकू शकत नाही. त्याला जगायचं तर कुणाचं तरी धड कापून आणावं लागतं.

आता या सिनेमाची लबाडी सांगतो, नाहीतर मी त्याचा वकील झालो असं वाटेल.

डॉक्टर बायकांची शरीरं मापतो, हे वाईट आहे असं सिनेमा सांगतो. पण सांगताना कॅमेरा काय करतो? तोच डॉक्टरच्या गाडीतून बायकांच्या पायांवर फिरतो, सॅक्सोफोन वाजतो. क्लबात दोन नाचणाऱ्या बायकांची झोंबाझोंबी लावलीय, गोष्टीला तिचा काडीचा उपयोग नाही. गिऱ्हाइकाला आहे. डॉक्टर धड शोधतो आणि निर्माताही धडच शोधतो, एक सुरीसाठी, दुसरा तिकिटासाठी. डोरिसचा व्रण पुरुषाच्या हातचा आहे, तिचा राग खरा आहे, पण सिनेमा तिला सापळ्यापर्यंत आणून झोपवून टाकतो. शेवटपर्यंत ती बेशुद्ध.

दुसरी लबाडी मोठी. कोठडीतला राक्षस झालाय कोण? एडी कार्मेल. तेल अवीवमध्ये १९३६ साली जन्मलेला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढलेला ज्यू माणूस. मेंदूतल्या ग्रंथीच्या विकारानं त्याची उंची वाढतच गेली. लोकांनी त्याला सर्कशीत उभं केलं, तिकीट लावून दाखवलं. डायान आर्बस या फोटोग्राफर बाईनं १९७० साली त्याचा फोटो काढलाय, तो जगभर गाजला: घरात छताखाली वाकलेला एडी आणि मान वर करून बघणारे म्हातारे आईबाप. आपल्याला राक्षस नाही, आईबापाचं पोर दिसतं. हा माणूस विनोद सांगायचा. त्याच्या आवाजातली रेकॉर्ड निघाली होती. १९७२ साली छत्तीस वर्षांचा असताना तो वारला. आणि या सिनेमानं त्याला काय दिलं? चेहऱ्यावर लगदा थापला, कोठडीत उभा केला आणि एक शब्द दिला नाही. नुसती गुरगुर. ट्रेमधलं डोकं तासभर बोलतं. फुप्फुसं नाहीत, तरी बोलतं. आणि ज्याला फुप्फुसं आहेत, भलामोठा आवाज आहे, तो मुका.

ही चाल जुनी आहे. मेरी शेलीनं १८१८ साली 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिली. त्यातला जोडून केलेला प्राणी बोलतो, वाचतो, आपल्या निर्मात्याला समोर बसवून जाब विचारतो. १९३१ साली हॉलिवूडनं त्याचा सिनेमा काढला आणि पहिलं काम काय केलं, तर त्याची वाचा काढून घेतली. मग हळूहळू लोक राक्षसालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणू लागले. वाचा गेली आणि अंगावर मालकाचं नाव चढलं. ज्यांची आडनावं गावानं ठेवली त्यांना हे पटकन कळेल.

राहिला शेवट. तो आपल्या कामाचा आहे.

जॅन कोठडीतल्याशी बोलू लागते. तो दार ठोकून उत्तर देतो. ती त्याला सांगते की मी नुसतं डोकं आणि तू जो कोण असशील तो, दोघं मिळून आपण भारी पडू. डॉक्टर तिच्या तोंडाला पट्टी चिकटवतो, पण तोवर उशीर झालाय. कोठडीतला झडपेतून डॉक्टरला धरतो, दार मोडतो, बाहेर येतो, डॉक्टरच्या मानेचा लचका तोडतो. तळघर पेटतं. तो बेशुद्ध डोरिसला उचलून बाहेर पडतो. ज्वाळांत डोकं हसतं, तुला सांगितलं होतं मला मरू दे म्हणून.

पहिल्यांदा पाहताना टाळी वाजवावीशी वाटते. दोन शोषित एक झाले! पण थांबा. जॅनला मरण हवं आहे आणि सूड हवा आहे. ते तिच्या हक्काचं आहे. कोठडीतल्याला काय हवं आहे? तिनं विचारलं का? बोलते ती, ठरवते ती, मारायला तो. दार त्यानं मोडलं, पण कधी मोडायचं हे डोक्यानं सांगितलं. एका डोक्याच्या ताब्यातून सुटून तो दुसऱ्या डोक्याचा हात झाला. आपल्या चळवळीनं अशी डोकी कमी पाहिली नाहीत. ती आपल्या दुःखाबद्दल चांगलं बोलतात, खरं बोलतात, त्यांचीही काही जखम असते. मोर्चात ताकद आपली लागते, पत्रक त्यांच्या भाषेत निघतं. त्यांच्याशी युती करू नका असं मी म्हणत नाही. दार मोडायला सोबत लागतेच. पण ठोकण्याच्या भाषेवर थांबू नका. एक ठोका म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, एवढ्यावर युती टिकत नाही. हो आणि नाहीच्या पलीकडं आपल्याला बरंच म्हणायचं असतं.

शूटिंगच्या वेळी या सिनेमाचं नाव 'द ब्लॅक डोअर' होतं, काळं दार. तेच ठेवायला हवं होतं. कारण डोरिसला उचलून बाहेर पडलेला तो पुढं कुठं गेला हे सिनेमा सांगत नाही. पडदा काळा होतो. कॅमेऱ्याला त्याच्यात रस दार मोडेपर्यंतच होता. मोडल्यानंतर त्याला भूक लागली असेल, थंडी वाजली असेल, उचललेली बाई शुद्धीवर येऊन त्याच्याकडं बघून किंचाळली असेल, किंवा नसेलही. ते लिहायला त्यांच्याकडं माणूस नव्हता.

सिनेमाचे हक्क कुणाकडं राहिलेले नाहीत, कुणालाही फुकट बघता येतो. एका रविवारी वस्तीत लावा. पोरं हसतील, हसू द्या. संपल्यावर मात्र एकेकाच्या हातात वही द्या आणि म्हणा, कोठडीतल्याच्या तोंडचं एक पान लिही. त्याच्या वतीनं नको, त्याच्या तोंडचं. आलेली पानं आमच्याकडं पाठवा. पुढच्या अंकाला जागा ठेवलीय.